अंगण वाकडं

गेनोवेफाबाईंची तक्रार मी टाइप करून दिली,
कारण त्यांची बोटं फक्त पियानोच्या पट्ट्या ओळखतात
आणि त्या मला दर पत्रामागे
खसखशीच्या केकचा एक तुकडा देतात.

मागवला होता मेट्रोनोम.
लाकडी, किल्लीचा, एकशे चाळीस झ्लॉटी,
'तीन दिवसांत घरपोच'.
आला एकोणिसाव्या दिवशी.
खोका एका कोपऱ्यात चेपलेला,
कुणीतरी त्यावर बसून निवांत सिगारेट ओढली असावी.
किल्ली नाही.
किल्लीसाठी पाच पत्रं, पाच तुकडे.
किल्ली आली तेव्हा कळलं, तो लंगडतो.

टिक टिक — टिक टिक — टिक टिक —

'हा ताल देत नाही,' बाई म्हणाल्या,
'हा गुडघा धरून जिना उतरतो.'

उत्तर आलं : आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.
उत्तर आलं : दोषाचा फोटो जोडा.
दोष आवाजात आहे, मी कळवलं.
उत्तर आलं : फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा जोडा.
आम्ही फोटो जोडलाच नव्हता.

बाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.
'दरोडेखोर' होतं तिथे 'विक्रेते' केलं,
बाकी शब्द त्यांचेच.
पाचातला एक तारा दिला.
शून्य देता येत नाही याचा त्यांना वेगळा राग :
'चाळीस वर्षं मीही पोरांना शून्यच देत आले,
पण तोंडावर!'

तेराव्या पत्राला माणसाने उत्तर दिलं.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी,
शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट,
म्हणूनच ओळखलं.
'टेबल सपाट आहे का बाई?
तिरप्या जागी कुठलाही मेट्रोनोम लंगडतो.
व्हितोल्ड, गोदाम.'

झालं. बाई लालबुंद.
नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं!
सेहेचाळीस वर्षं या घरात राहते मी,
हा कोण गोदामातला मला माझं घर सांगणार?

मी काही बोललो नाही.
टोपलीतलं एक संत्रं टेबलावर ठेवलं.
ते खिडकीकडे निघालं,
घाई न करता, वाट माहीत असल्यासारखं,
आणि खाली पडलं.

बितोमच्या पोटात कोळसा होता. आता नाही.
वरची घरं त्या पोकळीकडे थोडी कलून उभी आहेत
आणि आम्ही जन्मापासून असे तिरके चालतो
की परगावी गेलो की अडखळतो.

संत्रं शोधायला बाई खाली वाकल्या
आणि बराच वेळ उठल्या नाहीत.
पियानोच्या पायाखाली ओकची पाचर.
कपाटाखाली पाचर, पलंगाखाली दोन.
प्रत्येकीवर पेन्सिलीने मिलिमीटर आणि साल,
आलोयझचं अक्षर.
दिवसभर तो खाली घर पोखरायचा,
रविवारी, बाई चर्चला गेल्या की,
वर येऊन घर सरळ करायचा.
बोलला कधीच नाही.
शेवटची पाचर सात मिलिमीटर, त्याच्या आजारपणाच्या वर्षातली.
हे टेबल नंतर घेतलेलं.

त्याच संध्याकाळी निकाल आला.
तक्रार मान्य. पूर्ण रक्कम परत.
वस्तू परत पाठवण्याची आवश्यकता नाही.
'जिंकलात,' मी म्हटलं.

बाईंनी किल्लीच्या पाकिटाची घडी घातली,
पुन्हा घडी घातली,
टेबलाच्या पायाखाली सारली.
टिक. टिक. टिक. टिक.

'लिही व्हितोल्डला. पैसे कुठे पाठवू विचार.
पण तारा एकच राहील, तेही लिही.
खोक्यावर कुणीतरी बसलं होतं.'

उत्तर लगेच आलं :
आपली तक्रार बंद झाली आहे.
कृपया या पत्राला उत्तर देऊ नये.

केक संपला होता.
संत्रं आम्ही वाटून खाल्लं.